पागोळ्यांचे पाणी

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात राहिलो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला. त्या जिल्ह्यातील हे दोन तालुके. येथे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा आदिवासींची वस्ती आहे. पाऊस म्हणाल तर भरपूर. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर! पण जमिनीखाली काळा कातळ आणि चोहीकडे उतार. पडलेले पाणी घटकाभरही थांबत नाही. ओढ्यानाल्यांतून ते धावत सुटते. येथून वाहणाऱ्या वैतरणा नदीच्या धरणांचे पाणी मुंबईची तहान भागवते. आणि येथील कितीतरी पाड्यांवर बायका उन्हाळ्यात रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात.

म्हणून येथली शहाणी माणसे पावसाचे पाणी धरून ठेवतात. छपराच्या कडेवरून ज्या धारा गळतात, त्यांना पागोळ्या म्हणतात. माझ्या शेजारच्या आजींनी पागोळ्यांखाली दोन पिंपे ठेवली होती आणि एक सिमेंटचा हौद बांधून घेतला होता. तुम्ही ज्याला उर्दूत ‘हौज़’ म्हणता, तोच हा आपला मराठी हौद. आजींच्या परसात आंब्याची पाच कलमे आणि मोगऱ्याची वीस रोपे होती. या भागातला मोगरा मुंबईच्या फुलबाजारात जातो. घरातील मोठी माणसे वीटभट्टीवर कामाला गेली, की आजी आणि नातवंडे याच फुलांच्या पैशांवर मीठ-मिरची भागवीत. दिवाळीनंतर त्या रोपांना पाणी हवे, म्हणून आजी पागोळ्यांचा एक थेंबही वाया जाऊ देत नसत.

एका वर्षी सप्टेंबर महिन्यात पाड्यावर तापाची साथ आली. दोन मुले अंथरुणाला खिळली. तेव्हा आरोग्य सेवक घरोघर तपासणी करीत आले. त्यांनी आजींच्या पिंपात बॅटरीचा उजेड पाडला. पाण्यात बारीक, वळवळणाऱ्या असंख्य अळ्या होत्या.

“आजी, हे पाणी ओतून टाका,” ते म्हणाले.

आजी पिंपासमोर आडव्या उभ्या राहिल्या. “ओतू? मग दिवाळीनंतर माझ्या रोपांना काय पाजू?”

“अहो, पाड्यावर पोरे तापाने फणफणली आहेत!”

“आणि रोपे वाळली तर घरातली पोरे खातील काय?”

दोघांचेही खरे होते. मी मधे काय बोलणार? एका शेजाऱ्याने सुचवले, “वाटीभर रॉकेल ओता, अळ्या मरतील.” त्यावर आरोग्य सेवकांनी मान हलवली. तेलाच्या थराने अळ्यांचा श्वास कोंडतो, हे खरे. पण ते पाणी मग झाडांच्या कामाचे राहत नाही.

ते आरोग्य सेवक मोठे समजूतदार होते. ते न रागावता ओसरीवर बसले. काचेच्या पेल्यात त्यांनी पिंपातले पाणी घेतले आणि आजींच्या नातवंडांना जवळ बोलावले. अळ्या सारख्या वर येत होत्या, क्षणभर थांबत होत्या आणि पुन्हा खाली जात होत्या. “पाहा, त्या श्वास घ्यायला वर येतात,” ते म्हणाले. “अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास. पावसाळ्यातल्या उबदार हवेत एवढे व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस मिळाले नाहीत, तर डास होत नाही.”

मला सर रोनाल्ड रॉस यांची आठवण झाली. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू असतात, हे त्यांनी आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे, २० ऑगस्ट १८९७ रोजी शोधून काढले. त्यासाठी त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिवताप पसरवणारा डास ॲनॉफिलीस जातीचा, तर डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा. एडिस दिवसा चावतो आणि पिंपातले स्वच्छ पाणी त्याला फार आवडते. त्याची मादी पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. पिंप कोरडे पडले, तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले, की त्यांतून अळ्या बाहेर येतात! म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. पिंप आतून खसखसून घासावे लागते.

अखेर सर्वांनी मिळून मार्ग काढला. एका पिंपातले पाणी त्याच दिवशी रोपांच्या आळ्यांत घातले. कोरड्या मातीत पाणी जिरले, की अळ्या मरतात. तेच पाणी गटारात ओतले असते, तर त्या तेथे सुखाने वाढल्या असत्या. व्हरांड्यातल्या रोपांची माती तर अगदी कोरडी होती; ती रोपेही तृप्त झाली. दुसऱ्या पिंपातले पाणी दुहेरी फडक्यातून गाळले. दोन्ही पिंपे काथ्याने घासली. गाळलेले पाणी पुन्हा भरून पिंपाच्या तोंडावर जुन्या लुगड्याचे फडके सुतळीने घट्ट बांधले. पागोळ्यांचे पाणी फडक्यातून आत जाई; डास मात्र बाहेरच राही. हौद मोठा, त्याला फडके पुरेना. त्यात आरोग्य सेवकांनी गप्पी मासे आणून सोडले. हे मासे अळ्या खातात. “पण ते ओढ्यात किंवा नदीत सोडू नका बरं,” त्यांनी नातवंडांना बजावले. “हे परदेशी मासे. ते तेथल्या माशांच्या पोटावर पाय देतील.”

पुढे दर रविवारी नातवंडे पिंपांची पाहणी करू लागली. एकदा कावळ्याने फडके फाडले, तर आठवड्याच्या आत पाण्यात अळ्या दिसल्या. आजींनी न बोलता पाणी गाळले, पिंप घासले आणि नवे फडके बांधले. आजींच्या पागोळ्यांचे पाणी त्या वर्षीही रोपांच्याच मुखी लागले.

पाणी साठवणे हा गुण आहे. पण साठवलेल्या पाण्याकडे पाठ फिरवणे हा अवगुण आहे. डासाला दोनच गोष्टी हव्या असतात : उघडे तोंड आणि आठ-दहा दिवसांची सवड. या दोन्ही गोष्टी त्याला मिळू दिल्या नाहीत, तर पाणीही वाचते आणि माणसेही वाचतात. तुमच्या गच्चीवरची टाकी, कुंडीखालची बशी, अंगणात पडलेले जुने टायर आणि नारळाची करवंटी यांनाही हाच नियम लागू आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. एक फडके, थोडा काथ्या आणि आठवड्यातून एकदा आठवण, एवढेच पुरे.