कालनिर्णयवरची टिकली

पत्रिका छापून येईपर्यंत लग्नाची तारीख बाहेर सांगायची नाही, असं मी लेकीला बजावलं होतं. आमच्या घरची रीतच तशी. पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे, दुसरी कुलदेवीला, मग हळदकुंकू लावून आणि अक्षता देऊन घरोघर. त्याआधी तारीख तोंडातून काढणं मला उतावीळपणाचं वाटायचं. खरं सांगायचं तर थोडं अशुभही वाटायचं.

तिच्या मनात वेगळंच होतं. दिवाळीच्या सुमाराला घरोघर नव्या वर्षाचं कालनिर्णय येतं. तिनं छोट्या पाकिटांत एकेक लाल टिकली घातली आणि सोबतच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हातानं लिहिलं : 'काकू, ही टिकली २० फेब्रुवारीच्या चौकोनात लावा. त्या दिवशी माझं लग्न आहे.' काकूच्या जागी कुठे मामा, कुठे मावशी. अशी सत्तर पाकिटं. मी ती पाहिली आणि तडकले. "लग्न म्हणजे पोरखेळ आहे का? देवाला अक्षत गेली नाही आणि तू तारखा वाटत सुटलीस?"

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती आणि तिचे बाबा कसबा गणपतीपुढे अक्षता ठेवून आले आणि पाकिटं टपालात टाकली. मी चार दिवस दोघांशी धड बोलले नाही.

जानेवारीत साताऱ्याला आमच्या जुन्या शेजारीण काकूंकडे केळवण होतं. काकूंनी ऐंशी ओलांडली आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय, त्यावर दुधाचे आकडे. त्यांनी वरचं पान उचललं आणि खालच्या पानावरून बोट फिरवलं. "बारीक अक्षर आता दिसत नाही गं. पण टिकली बोटाला लागते." त्यांना लग्नाला न्यायला म्हणून बेळगावच्या मुलाला त्यांनी दिवाळीतच रजा टाकायला लावली होती.

परतीच्या एसटीत मला नागपूरची आत्या आठवत राहिली. माझं लग्न १९८९च्या मे महिन्यात झालं. पत्रिका उशिरा छापल्या, आम्ही टाकल्याही उशिरा. आत्याला ती मिळाली तेव्हा लग्नाला तीन दिवस उरले होते. ऐन उन्हाळ्यात तिला गाडीचं तिकीट मिळालं नाही. माझ्या रुखवतासाठी तिनं विणलेलं तोरण मागाहून पार्सलनं आलं. रीत सगळी पाळली होती आम्ही, आणि जिनं मला अंगाखांद्यावर खेळवलं ती मांडवात नव्हती. ही चूक आमची होती, हे मी इतक्या वर्षांत एकदाही मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. २०२४च्या नोव्हेंबरच्या आधी ही मुदत १२० दिवसांची होती. पत्रिका महिनाभर आधी हातात पडली, तर लांबच्या माणसानं यायचं कसं? आपण 'अगत्य येण्याचे करावे' छापतो, पण त्याला येता यावं एवढा वेळ आपण देतो का?

गाणं लावलेली निमंत्रणाची चित्रफीत एकाच वेळी दोनशे जणांना पाठवणं मला अजूनही पटत नाही. त्यात कुणाचंच नाव नसतं. लेकीच्या चिठ्ठीवर नाव होतं, नातं होतं, आणि टिकली लावायला समोरच्याला भिंतीपाशी जावं लागत होतं. तारीख त्याच्या घरात राहायला गेली. हे मला सुचलं नसतं, आणि तिला सुचलं तेव्हा मी तिला दुखावलं. घरी आल्यावर तिला तसं सांगितलं.

पत्रिका आम्ही नंतर छापल्या, हळदकुंकू लावून हातोहात दिल्या. लग्नाला काकू आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. नागपूरहून आत्याची दोन्ही मुलं आली.

तुमच्या घरी लग्न ठरलं असेल, तर पत्रिकेची वाट पाहू नका. देवापुढे अक्षता ठेवा आणि लांबच्या माणसांना तारीख आजच कळवा.