गांधार

दोन वर्षांपूर्वी आमच्या धसईच्या सप्ताहात एका मुलीने गांधार लावला आणि मी तो चारचौघांत खोडला. ती तेव्हा सातवीत होती. रूपाचा अभंग, चाल भूपातली, धृपद तिच्याकडे. ती गांधारावर थांबली आणि मला तो उतरलेला वाटला. मी भाता जोरात मारला, पेटीची पट्टी दाबून धरली आणि मानेनेच खुणावलं, वर घे. तिने घेतला. टाळकऱ्यांनी माना डोलावल्या. बुवांचा कान किती तयार, असं कोणीतरी नंतर म्हणालं, आणि ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं.

बरोबर तिचा होता.

हे मला कळलं गेल्या वर्षी, आणि तेही घसा गेला म्हणून. चाळीस वर्षं मी वरच्या पट्टीत गायलो. शेजारच्या मंडळाने काळी दोन घेतली की मी काळी तीन घ्यायचो. रात्रीच्या भजनात तार षड्जावर उभं राहिलं की समोरची बाजू गप्प होते, त्या गप्पपणाची मला चटक लागली होती. म्हसा यात्रेच्या दिवसांत सलग तीन रात्री गायलो आणि चौथ्या दिवशी बोलायलाही आवाज उरला नाही. डॉक्टरांनी आत नळी घालून पडद्यावर दाखवलं, स्वरतंतूंच्या कडांवर समोरासमोर दोन बारीक गाठी. दोन महिने मौन सांगितलं. पुढे म्हणाले, परत गायचं असेल तर गायला शिका. मला, धसईच्या बुवाला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी दर रविवारी पहिल्या एसटीने मुरबाडवरून कल्याणला एका गुरुजींकडे जाऊ लागलो. चार महिने फक्त खर्ज, काळी एकमध्ये. खोलीत पेटी नाही. भिंतीला टेकवलेला मिरजेचा तानपुरा, तेवढाच.

एका रविवारी त्यांनी खर्जाची तार छेडली आणि घोडीवरचा जवारीचा दोरा नखाने केसभर पुढे सरकवला. तार एकदम उलगडली. म्हणाले, "आता यात गांधार ऐका." स्वयंभू गांधाराबद्दल मी स्वतः पोरांना सांगत आलो होतो, पुस्तकात वाचून. ऐकला मात्र कधीच नव्हता. तीन रविवार काही ऐकू आलं नाही. चौथ्या रविवारी तार विझत असताना वर कुठेतरी एक बारीक स्वर दिसला, कोणी न लावलेला. दिसला असंच म्हणावंसं वाटतं. मग मी माझा गांधार लावला. तो त्याच्या वर बसला आणि दोन्हींच्या मधे थरथर उठली. गुरुजी काही बोलले नाहीत. पुन्हा तार छेडली. पुन्हा थरथर. घरी परतताना टोकावडे फाट्यापर्यंत मी खिडकीला डोकं टेकून तेवढा एकच स्वर मनात खाली आणत होतो.

पेटीच्या आणि तानपुऱ्याच्या गांधारात फरक किती, तर अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. त्या मुलीची पट्टी काळी चार. तिथे पेटीचा गांधार तानपुऱ्याच्या गांधारापेक्षा सेकंदाला दोन कंपनांनी चढा पडतो. दोनच. पण गांधारावर थांबलं की ती दोन कंपनं ऐकू येतातच, आणि भूपात गांधारावर थांबल्यावाचून गत्यंतर नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी याच फरकांच्या मागे लागून 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याशी ते श्रुती ताडून पाहायचे. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने तर श्रुतींची वेगळी पेटी बनवून घेतली, ती 1916 च्या बडोद्याच्या परिषदेत आणली गेली. ती पेटी काही रूढ झाली नाही. आपल्या वाट्याला साधी पेटीच आली.

पेटीवर माझा राग नाही. आकाशवाणीने 1940 साली तिला बाहेर काढलं आणि तीसएक वर्षं आत घेतलं नाही, ते मला आजही पटत नाही. देवळात, दिंडीत, चिखलात, पावसात तानपुरा कोण नेणार? 2016 च्या डिसेंबरात धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरात गाजत होतं, त्याच हिवाळ्यात मंडळाने वर्गणी काढून नवी पेटी घेतली. मी तिची पूजा केली, आजही करतो. दोष माझा आहे. मी तिच्यावरून पोरांचे कान घडवले. स्वर कसा शोधायचा हे शिकवायच्या आधी तो कुठे दाबायचा हे दाखवलं. आता काही मंडळांनी पेटीही सोडली. कीबोर्डवर बटण दाबून चाल वर चढवतात, मोबाईलवरच्या चाली आठ वर्षांच्या पोरांच्या गळ्यात कोंबतात, माईकचा आवाज फोडून टाळ्या घेतात. त्या पोरांच्या मानेच्या शिरा पाहिल्या की मला तो डॉक्टरांचा पडदा आठवतो. मी बोललो तर म्हणतात, बुवा, तुम्हीही असंच गायलात. खरं आहे.

त्या मुलीची आजी धवलारीण. लग्नात हळदीपासून धवळे म्हणणारी, भाताच्या आवणीच्या वेळी बांधावर गाणारी. तिच्या गाण्याला कधी वाद्य नसतं. नातीचा गांधार तिथूनच आला असावा. त्या बाईला विचारलं तर ती म्हणेल मी काही शिकले नाही. पण आपल्या सासूच्या मागे उभं राहून, तोंडाकडे बघत, पंधरा-वीस लग्नांत नुसती साथ करून मग ती पुढे उभी राहिली. एवढी तालीम मी माझ्या एकाही पोराला दिलेली नाही.

मुलगी आता नववीत आहे. या पावसाळ्यात तिला मी एकटीला बसवलं, इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला, पेटी खोक्यात बंद ठेवली. म्हटलं, भूप म्हण. गांधार आला तो हुबेहूब आमच्या पेटीचा. दोन वर्षांत तिने तो इतका पक्का केला आहे की तानपुऱ्याची थरथर तिला बोचतही नाही. मी म्हटलं, जरा खाली. ती म्हणाली, "बुवा, वर घे असं तुम्हीच सांगितलं होतं ना?" तक्रार नव्हती तिच्या आवाजात. शिकवलेलं नीट लक्षात ठेवलं आहे, एवढंच ती सांगत होती.

सप्ताहातली ती गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली, तुझा बरोबर होता म्हणून. ती हसली, तिला ते खरं वाटलं नाही. मग मी तानपुरा बंद केला आणि आजीचं आवणीचं गाणं म्हणायला सांगितलं. तिने मांडीवर हात ठेवून म्हटलं. त्यातला गांधार जागेवर होता, पहिल्यासारखा, मऊ. मी न बोलता तानपुरा सुरू केला, तरी तो हलला नाही. म्हटलं, हाच, हाच भूपात घे.

"सा रे" पर्यंत ठीक गेलं. ग वर ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि स्वर वर सरकला.

रविवारी तिला कल्याणला नेणार आहे. आजीलाही यायला सांगितलं आहे.