तडा गेलेली फळी

माझ्या स्वयंपाकघरातल्या सागवानी फळीला तडा गेला तो माझ्यामुळे. लाकडात खोट नव्हती, ती घडवणाऱ्या वाढईच्या हातात तर नव्हतीच. त्याला मी मनातल्या मनात बरेच दिवस दोष देत राहिले, म्हणून हे आधीच सांगते.

आम्ही लकडगंजात राहतो. नागपुरात दार, चौकट, पलंग, देवघर काहीही करायचं असलं की माणसं इकडे येतात. घराबाहेर पाऊल टाकलं की आरा मशीनचा आवाज आणि भुशाचा वास. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांतलं लाकूड वर्षानुवर्षं या भागातल्या वखारींमधून कापलं गेलंय. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरचं होतं, आणि २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान मिरवणुकीनं निघालं. दोन्ही बातम्या मी अभिमानानं वाचल्या होत्या. सागवान वाळवी लागू देत नाही, उन्हापावसात टिकतं, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यामुळे सागवानाला काही होत नाही अशी माझी पक्की समजूत झाली होती आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका त्या समजुतीतूनच झाल्या.

सासूबाई सगळी भाजी पावशीवर चिरायच्या. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यावर आम्ही ओट्यावर उभं राहून सुरीनं कापायला लागलो. आधी प्लास्टिकचा बोर्ड होता. त्यावर सुरीच्या रेघा पडल्या, रेघांत सांबाराचा (कोथिंबिरीचा) हिरवा रंग आणि बिटाचा लाल रंग बसला, तो घासूनही निघेना. तेव्हा ठरवलं, गल्लीत एवढं लाकूड आहे तर आपली फळी लाकडाची करू. वखारीत चौकटीतून उरलेला एक छान जाड तुकडा मिळाला. मधला भाग सोनेरी तपकिरी आणि एका कडेनं पांढरट पट्टा. मला तो पट्टा फार आवडला.

वाढई म्हणाला, "ताई, हे पांढरं काढून टाकू. कच्चं असते ते, पुढं काळं पडते."

मी नको म्हटलं. फळी लहान होईल, आणि तो पट्टाच तर सुंदर दिसतो! त्यानं एकदाच सांगितलं, पुन्हा नाही. आता कळतं की सागाचा टिकाऊपणा फक्त गाभ्यात असतो. झाड जगत असताना बाहेरच्या पांढऱ्या भागातून पाणी वर चढतं. त्यात साखर, पिष्ट असतं आणि बुरशीला तेच हवं असतं. गाभ्यातल्या ज्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी दूर राहते, ती या भागात जवळपास नसतातच. वाढईनं मला सागवानातलं सागवानपण राखायला सांगितलं होतं, मी दिसण्यावर गेले.

मग हळदीचं झालं. एकदा लोणच्यासाठी ओली हळद त्या फळीवर कापली. वर्ध्याकडची वायगावची हळद, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा गडद रंग हीच तिची ओळख. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि माझी फळी तेव्हा तेलानं माखलेली होती (त्या तेलाबद्दल पुढे सांगते). डाग आत उतरला. मी त्यावर धुण्याचा सोडा चोळला तर पिवळा डाग लालभडक झाला. अल्कलीत हळद लाल होते, कुंकू करताना हाच गुण वापरतात, पण त्या क्षणी मला एवढंच वाटलं की फळी गेली. लिंबू पिळलं असतं तर तो लाल रंग परत पिवळा झाला असता. आईची एक गोष्ट मात्र आठवली. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो. ते खरंही आहे, उजेडात तो रंग तुटतो. मी फळी भरपूर पाण्यानं धुतली आणि ओली तशीच गच्चीवर सिमेंटवर आडवी ठेवली. महिना मे.

नागपूरचा मे सांगायला नको. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आमची फळी वाळत होती त्या दिवशी एवढं ऊन नव्हतं, पण दुपारची हवा इतकी कोरडी होती की गच्चीवर टाकलेली चादर बघता बघता खडखडीत झाली. फळीची वरची बाजू तशीच वाळली आणि खालची, सिमेंटला टेकलेली, ओलीच राहिली. वरची बाजू आकसली, खालची आकसेना. संध्याकाळी डाग बराच फिका झालेला होता. फळी मात्र वाटीसारखी वाकली होती आणि एका टोकापासून केसाएवढा तडा आत गेला होता.

लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. त्यातही वर्षवलयांच्या कडेनं होणारं आकुंचन हे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असतं. म्हणून फळी एकसारखी लहान होत नाही, ती पिळते. टोकांकडून पाणी सगळ्यात लवकर निघतं, म्हणून तडा टोकापासूनच सुरू होतो. वखारीत चांगल्या फळ्यांच्या टोकांना रंग किंवा मेण फासलेलं मी किती वेळा पाहिलं होतं. थप्पीतल्या दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घातलेल्या असतात, तेही रोज दिसायचं. का, हे कधी विचारलं नाही. फळी घेऊन गेले तेव्हा वखारीतले काका थप्पीकडे बोट दाखवून म्हणाले, "लाकूड वाऱ्यानं वाळवा लागते ताई, उन्हानं नाही. आणि दोन्ही अंगानं." पट्ट्या त्यासाठीच असतात, वारा वरूनही जावा आणि खालूनही.

एवढं कळल्यावर तरी मी शहाणी व्हायला हवी होती. पण जुलै आला, पाऊस लागला आणि तडा आपोआप बुजला. हवेतली ओल लाकडानं पिऊन घेतली, ते फुगलं, कडा एकमेकींना भिडल्या. मला वाटलं, सागवान शेवटी सागवानच, स्वतःचं स्वतः बरं झालं. ही चूक तड्यापेक्षाही मोठी होती. उन्हाळाभर त्या फटीत कांद्याचं, टमाट्याचं, मांसाचं पाणी गेलं होतं आणि आता झाकण बसलं होतं. पावसाळाभर मी फळी वरून स्वच्छ धुवत होते आणि आत काय आहे ते मला दिसत नव्हतं. थंडीत हवा कोरडी झाली, फट उघडली. आतून काळी रेघ आणि कुबट वास आला. पांढरा पट्टाही तोवर काळसर ठिपक्यांनी भरला होता. वाढई बोलला होता अगदी तसा.

पाण्यात भिजत ठेवण्याचं लांबवत नाही. रात्री उशीर झाला की बाकी भांड्यांबरोबर फळीही सिंकमध्ये टाकून द्यायची, सकाळी बाई घासतील. रात्रभर पाणी पिलेलं लाकूड सकाळी घासलं की रेषा उभ्या राहतात, पृष्ठ खरखरीत होतं आणि त्या खरखरीत अन्न अडकतं.

काळी रेघ पाहून मी घाबरले आणि दुसऱ्या टोकाला गेले. आधी लिंबू-मीठ चोळलं, मग ते न धुताच वरून ब्लीचिंगचं पाणी ओतलं. डोळे चुरचुरले, घसा धरला. ब्लीच आणि आंबट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती म्हणून निभावलं. सासूबाई शेजारच्या खोलीत झोपल्या होत्या, ते आठवलं की आजही वाईट वाटतं. ब्लीच वापरायचंच असेल तर अमेरिकेच्या कृषी खात्यानं सांगितलेलं प्रमाण अगदी पातळ आहे, सुमारे पावणेचार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, आणि तेही फळी साबणानं धुऊन झाल्यावर. दुसरं काही त्यात मिसळायचं नाही.

एवढी भीती बाळगायचं कारणही नव्हतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर यांच्या गटानं लाकडी आणि प्लास्टिकच्या फळ्यांवर जंतू सोडून पाहिले होते, ते निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्लास्टिक सुरक्षित ठरेल असा तेव्हा सर्वांचा समज. पण लाकडावर टाकलेले जंतू ओलीबरोबर आत ओढले गेले, वर परत आले नाहीत आणि हळूहळू मेले. नवं प्लास्टिक सहज स्वच्छ झालं, सुरीच्या रेघा पडलेलं मात्र हातानं नीट स्वच्छ होईना. म्हणजे आमचा जुना प्लास्टिकचा बोर्ड मी बदलला ते बरोबरच होतं. पण हे सगळं वाळलेल्या, तडा नसलेल्या लाकडाबद्दल खरं आहे. माझी फळी तशी राहिली नव्हती.

त्या फळीवर मी चिकनही कापत होते. एका रविवारी सावजी रस्स्यासाठी चिकन कापलं, फळी ओल्या कपड्यानं पुसली आणि तिच्यावरच काकडी चिरली. रात्री घरात दोघांना जुलाब लागले. ते फळीमुळेच झालं असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, त्या दिवशी बाहेरचंही खाणं झालं होतं. पण पुसणं म्हणजे धुणं नव्हे, हे मला माहीत होतं आणि तरी मी घाईत पुसलंच. आता मांसाची फळी वेगळी आहे, चिंचेच्या लाकडाची. खाटीक पिढ्यानपिढ्या चिंचेचाच ओंडका वापरतात. तो चिवट असतो, आणि उभा ठेवल्यामुळे सत्तूर तंतूंच्या टोकांवर पडतो. टोकं बाजूला होतात आणि परत मिटतात, कपच्या उडत नाहीत. सागात वाळूसारखी सिलिका असते, तिच्यानं सुरीची धारही लवकर जाते. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर भाजीची फळीही मी दुसऱ्या लाकडाची केली असती.

आता तेल. फळी नवी असताना मी तिला फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल लावलं. घरात तेच असतं. खाण्याचं तेल आहे, मग चालेल, असा हिशोब. ते तेल लाकडात वाळत नाही आणि टिकतही नाही. उन्हाळ्यात खवट झालं, फळी चिकट झाली, त्यावर धूळ बसली. मग कुणीतरी जवसाचं तेल सांगितलं. जवस आपल्या विदर्भाचं पीक, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्यावर संशोधन चालतं, आणि जवसाचं तेल हवेत खरोखर वाळून घट्ट होतं. तेव्हा ते योग्य होतं. पण मी आणलं हार्डवेअरच्या दुकानातून, फर्निचरचं. ते लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात. डब्यावर लिहिलेलं होतं. मी दोन हात लावून झाल्यावर वाचलं.

आणि तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या बादलीत टाकल्या. दुपारी मुलगी म्हणाली, "आई, बादलीतून कसला तरी वास येतोय." हात घातला तर चिंध्यांचा गोळा आतून चांगलाच गरम होता. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि त्यात उष्णता निघते. कापड पसरलेलं असेल तर ती उडून जाते, गोळा असेल तर आत साठत जाते आणि कापड काडी न लावता पेटतं. आमच्या बाल्कनीखाली वखारीची मागची बाजू येते. तिथं भुशाची पोती असतात. लकडगंजातल्या वखारींना, आरा मशीनला लागलेल्या आगींच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी वाचल्यात. महापालिकेचं अग्निशमन केंद्र इथंच आहे, त्यांच्या गाड्यांचा भोंगा आमच्या ओळखीचा आहे. माझ्या सगळ्या चुकांत ही एकच अशी, जिची किंमत दुसऱ्यांनी मोजली असती. आता अशी चिंधी मी पाण्यात बुडवते, मग बाहेर दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक होऊ देते, तेव्हाच कचऱ्यात.

सध्या मी औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरते, ते खवट होत नाही. चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाशांचं मेण, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून एकत्र वितळवायचं. दोन्ही बाजूंना आणि टोकांना सारखं लावायचं, टोकांना जरा जास्तच. रात्रभर ठेवून सकाळी पुसायचं. ते वाळून घट्ट होत नाही, म्हणून फळी फिकी, कोरडी दिसायला लागली की पुन्हा. धुताना दोन्ही बाजू साबणानं लगेच, लगेच कोरडं कापड, आणि सावलीत उभी, मागेपुढे वारा खेळेल अशी.

तडा गेलेली फळी वाढईनं रेषेवरून कापून दिली. काळी रेघ गेली, पांढरा पट्टाही गेला. उरलेला तुकडा लसूण-मिरचीपुरता आहे.

एक काम अजून बाकी आहे. त्या पहिल्या वर्षी मी हौसेनं दिवाळीत मैत्रिणींना अशाच फळ्या करून दिल्या होत्या आणि प्रत्येकीला सांगितलं होतं, फल्लीचं तेल लावत जा, ऊन दाखवत जा. सगळ्यांना फोन करून ते परत घेतलं. एकीची फळी चिकट होऊन पडली होती, ती घासायला माझ्याकडे आणली आहे. आधी १२० नंबरच्या कागदानं, मग ओल्या कपड्यानं पुसून रेषा उठवायच्या, वाळली की २२० नं. पहिला हात झालाय, खवट वास अजून थोडा आहे. तिनं माझं ऐकून हार्डवेअरचं तेलही आणून ठेवलंय म्हणाली, म्हणून चिंध्यांचं मी तिला फोनवरच सांगितलं, फळी परत द्यायची वाट पाहिली नाही.