मापावरची शीग

या वर्षीची आषाढी एकादशी मला क्विटोत आली. इक्वेडोरच्या या राजधानीत माझा मुक्काम पाच रात्रींचा. जुन्या शहरातल्या एका हॉस्टेलात आठ जणींच्या खोलीत वरची खाट, रोजचे नऊ डॉलर. दिवसाला पंचवीसच्या वर जायचं नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून मी घर सोडलं होतं आणि रोज रात्री सेंटासेंटाचा हिशेब मांडत होते. ला कोम्पानिया हे सोन्याच्या वर्खानं मढवलेलं चर्च बांधायला १६० वर्षं लागली. मी मात्र तिकिटाच्या पैशात दोन जेवणं होतील म्हणून दारावरचे पिळदार दगडी खांब पाहून परत फिरले. आदल्या दिवशी फुटपाथवर एका म्हातारीकडून लोकरी शाल घेताना बारा डॉलरची घासाघीस करत आठवर आणली होती. तेव्हा ती मला हुशारी वाटली होती.

हॉस्टेलला स्वयंपाकघर होतं. घरी असते तर उपास केला असता, मग इथे का नाही, म्हणून सकाळी मेर्कादो सेंत्राल गाठलं. क्विटो २,८५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून बाराशे मीटर वर. चढाच्या गल्लीत दर वीस पावलांवर श्वास थांबवतो. पण त्यामुळेच माणूस रमतगमत चालतो, आणि समोर एल पानेसियो टेकडीवरची पंख पसरलेली मेरी अधूनमधून दिसत राहते.

बाजारात शिरल्यावर आईची आठवण आली, कारण तिचं उपासाचं ताटच तिथे मांडलेलं होतं. बटाटा मूळचा या अँडीजच्या डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो युका तिथे ओंडक्यांसारखा रचून ठेवलेला. मिरचीही याच बाजूची. आपल्या सगळ्यात कडक दिवशी आपण जे खातो, ते चारपाच शतकांपूर्वी आपल्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं.

बायका आपल्यासारखेच वाटे लावून बसल्या होत्या. ‘आ दोलार, आ दोलार’, एका डॉलरला वाटा. सगळ्या मला ‘वेसी’ म्हणत. ‘वेसिना’चं हे लाडकं रूप, म्हणजे शेजारीण. इथे दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना शेजारीच म्हणतात. एका बाईकडे मी गुलाबी सालीच्या ‘चोला’ बटाट्यांचा वाटा घेतला आणि वीसची नोट पुढे केली. तिनं मान हलवली. सुट्टे नाहीत. हे वाक्य कुठल्याही भाषेत कळतं. मग पाकीट धुंडाळून डॉलरचं एक नाणं काढलं. पाठीला बाळ बांधलेली एक मूलनिवासी बाई असलेलं हे नाणं अमेरिकेनं २००० मध्ये काढलं, पण तिथे ते फारसं रुळलं नाही. इथे मात्र ते हातोहात फिरून गुळगुळीत झालंय, आणि ज्या हातांतून फिरतं त्यांतल्या कित्येकींच्या पाठीवर खरंच बाळ असतं.

इक्वेडोरचं स्वतःचं चलन होतं, सुक्रे. क्विटोवर ओणवा असलेल्या पिचिंचा पर्वताच्या उतारावर २४ मे १८२२ रोजी स्पॅनिश फौजेला हरवणाऱ्या सेनापतीचं ते नाव. १९९९ च्या मार्चमध्ये सरकारनं बँकांतल्या ठेवी गोठवल्या. २००० च्या जानेवारीत डॉलर आला तो एका डॉलरला २५,००० सुक्रे या भावानं. आयुष्यभराची शिल्लक मूठभर नोटांत मावली. हजारो माणसं स्पेनला निघून गेली. माझ्या समोरच्या बाईचं वय बघता तेव्हा ती तरुण असणार. तिचं काय गेलं, हे विचारण्याइतकं स्पॅनिश मला येत नव्हतं, आणि आलं असतं तरी विचारवलं नसतं.

तिनं बटाटे पिशवीत भरले. मग वर आणखी दोन टाकले, आणि कोथिंबिरीची एक जुडी खोचली. मी बोटानं किती पैसे असं विचारलं, तर ती म्हणाली, ‘ला यापा’.

यापा हा किचवा शब्द. व्यवहार पुरा झाल्यावर वर घातलेलं ते यापा. दुसऱ्या दिवशी रसवालीनं माझा पेला रिकामा होताच भांड्यात उरलेला रस पुन्हा ओतला, तोही यापाच. यात घासाघीस नसते. भाव पुरा द्यायचा, माप पुरं घ्यायचं, आणि मग हात एकदा पुन्हा ढिगाकडे जातो.

आपल्याकडे याला शब्द आहे, शीग. आजी अडिसरीनं ज्वारी मोजून द्यायची तेव्हा काठावरून हात फिरवून माप सपाट करत नसे. दाणे ओघळायला लागेपर्यंत वर शीग चढू द्यायची. देवापुढे सव्वा रुपया, आहेराला एकशे एक. पुऱ्या आकड्यावर थांबायचं नाही, हे तिच्या अंगातच होतं. मग काटे आले, आकडे लाल अक्षरांत दिसू लागले, आणि वजन जरा जास्त भरलं की दुकानदार एक बटाटा काढून घेऊ लागला. बटाटे मी तेव्हाही घेत होते, पण मापाला शीग नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

यापा सहसा नेहमीच्या गिऱ्हाइकाला मिळतो, त्यानं पुन्हा यावं म्हणून. पाठीवर सॅक अडकवलेली, नीट बोलताही न येणारी मी पुन्हा येणार नाही, हे त्या बटाटेवालीला दिसत नव्हतं का?

संध्याकाळी सात वाजता आईला फोन केला. तिच्याकडे द्वादशीची पहाट, साडेपाच. पारण्याच्या तयारीतच होती ती.

“उपासाला कोथिंबीर आपल्याकडे चालत नाही,” ती म्हणाली.

“तिनं वर दिली गं. पैसे नाही घेतले.”

आई जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “दिलीय तर खा. आणि तू काय दिलंस तिला?”

शेवटच्या दिवशी माझी बस दहाची होती. आठला मी बाजारात गेले. प्रवासात कच्च्या बटाट्यांचा उपयोग नव्हता, म्हणून तिच्याकडे होती ती संत्री घेतली. एकाऐवजी दोन वाटे. सुट्टी नाणी आधीच मुठीत धरून ठेवली होती. तिनं ओळखलं, हसली, दोन्ही वाटे पिशवीत रिते केले. मी पिशवीची गाठ मारणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरून ती पुन्हा उघडली आणि वर तीन संत्री ठेवली.