घरामागचा बेडूक

माणूस घरात असला की त्याला बाहेर जावेसे वाटते, आणि बाहेर गेला की स्वतःच्या अंथरुणाची आठवण येते. अमेरिकन लोकांनी यावर तोड काढली आहे. घरच चाकांवर चढवून बरोबर न्यायचे! त्याला म्हणतात मोटरहोम. पण हे तीस फुटी घर एकदा मुक्कामी लावले, की दूध आणायला ते कोण हलवणार? म्हणून घरामागे मोटार जोडायची आणि चारही चाकांवर ओढत न्यायची. या ओढल्या जाणाऱ्या मोटारीला तिकडे लाडाने 'टोड' म्हणतात. म्हणजे बेडूक!

ओहायोतल्या आमच्या भाऊजींनी निवृत्त झाल्यावर असे घर घेतले. पैसा त्यातच आटल्यामुळे मोटार ओढायचे सामान सेकंडहँड घ्यायचे ठरले आणि सल्ल्यासाठी फोन आला मला. मला पंक्चर झालेली सायकलसुद्धा धड ओढता येत नाही. पण मी बी.कॉम. आहे, आणि बावीस वर्षे बँकेत लोकांचे तारण तपासतो आहे.

"विकणारा म्हणतो, टो बार एकदाच वापरलाय," भाऊजी म्हणाले.

एकदाच वापरला आणि लगेच विकायला काढला? माझ्यातला कारकून ताडकन उठून बसला.

मग दुसरा आणि चौथा असे सुट्टीचे दोन शनिवार आम्ही व्हिडिओ कॉलवर घालवले. टो बार किती पौंड ओढू शकतो, तो आकडा त्याच्यावरच असतो. बार 10,000 पौंडांचा आणि घराच्या मागचा हिच 5,000 चा असेल, तर सगळ्या जोडणीची पत 5,000. हे मला तत्काळ पटले. चेकवर दहा हजार लिहिले आणि खात्यात पाचच असले, तर काय होते ते मी रोज बघतो.

मोटारीच्या सांगाड्याला लावायची बेस प्लेट त्या त्या मॉडेलची वेगळी. स्वस्तात मिळते म्हणून दुसऱ्या गाडीची घेणे म्हणजे शेजारणीच्या मापाचा ब्लाउज घेणे. शिवाय सगळ्याच मोटारी चार चाकांवर ओढायच्या नसतात. काहींचा गिअरबॉक्स निकामी होतो. हे मोटारीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, म्हणजे कोणी वाचणार नाही अशा ठिकाणी.

इतका वेळ गप्प असलेली ताई एकदम म्हणाली, "उतारावर यांनी ब्रेक दाबला, तर मागची दीड टनाची गाडी थांबणार कशी?"

त्यासाठी मागच्या मोटारीत वेगळा ब्रेक बसवतात. नाहीतर सगळा भार पुढच्याच ब्रेकवर येतो आणि घर थांबायला जास्त अंतर लागते. भाऊजींनी काटकसर म्हणून यादीतून खोडली होती ती नेमकी हीच वस्तू. आमचे हसणे तिथेच थांबले. त्या घरात पुढच्या सीटवर ताई बसणार होती.

शेवटी ठरले ते असे : बार जुना चालेल, पण दांडे वाकलेत का, कुठे वेल्डिंगचे ठिगळ आहे का, ते पाहून. सुरक्षेच्या साखळ्या, पिना, बेस प्लेट आणि ब्रेक मात्र कोरे करकरीत. हिशेब मांडला तेव्हा बचत निम्म्यावर आली. भाऊजींचा चेहराही.

"आणखी एक," मी म्हणालो. "मोटार अशी जोडली, की घर रिव्हर्समध्ये घ्यायचं नाही. वाट चुकली तर उतरून आधी मोटार सोडवायची, मग वळायचं."

"ते यांना जमेल," ताई म्हणाली. "तेहतीस वर्षांत यांनी एक शब्द मागे घेतला नाही, गाडी कुठली घेतात!"