पाडवा ते त्रयोदशी

पाडव्याला शालिवाहन शक पालटतो, संवत्सराचे नाव पालटते. मृग निघाला की सुहूर सन पालटतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला राज्याभिषेक शक पालटतो. मोडी कागदांत हात घातलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको. वर्षाचा बराचसा काळ ही तिन्ही वर्षे एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदतात. छळतात ते उन्हाळ्याचे कागद. या दोन-अडीच महिन्यांत कारकुनाने कोणते वर्ष पालटले आणि कोणते तसेच चालू ठेवले, त्यावर कागदाचे साल पुढेमागे सरकते. त्यातून त्रयोदशी एखाद्या वर्षी मृगाच्या आधी येते, एखाद्या वर्षी नंतर. ज्येष्ठ अधिक आला तर आणखी गुंता. माझी उमेदीची सगळी वर्षे मी या अडीच महिन्यांत काढली आहेत.

आता डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला आहे. रविवारी मालाडच्या घरी मोडी शिकायला येणारी एक मुलगी मला कागद वाचून दाखवते. पूर्वी अख्खा कागद एकदम दिसायचा: मायना, शिक्का, अक्षराचे वळण, शाई, दोन ओळींमधली जागा. पेशव्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव, मग प्रधानाचे, त्यामुळे मुद्रेवर नजर गेली तरी काळाची चौकट हाती यायची. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात गेले. त्यांचे नाव की रामराजांचे, एवढे दिसले तरी निम्मे काम झालेले असायचे. आणि तारखेची ओळ वाचायच्या आतच साल मनात उभे राहायचे. आता तसे होत नाही. शक कानावर पडतो, मग संवत्सर, मग महिना, मग तिथी. एकेक शब्द सुटा येतो आणि आधीच्या शब्दाशी त्याचे जुळते की नाही, ते मला तिथेच थांबून पाहावे लागते.

मला एक हौस होती, ती लपवत नाही. दफ्तरखान्यात कुणी कागद पुढे केला की जंत्री न उघडता तारीख सांगायची. समोरचा जंत्री काढणार, पाने चाळणार, बोट ठेवून थांबणार आणि मग माझ्याकडे पाहणार. त्या पाहण्याची मला आस असायची. कुणी लेखात माझे नाव घेतले नाही तर मला फारसे लागत नसे. पण जंत्री बघून कुणी काही न बोलता पुढच्या कागदाकडे वळला, तर दिवसभर रुखरुख लागायची. ती हौस अजून गेलेली नाही. फक्त आता ती त्या मुलीसमोर भागवावी लागते, आणि ती मान डोलवत नाही. ती विचारते, “सर, कशावरून?”

तिने वाचलेला एक कागद महिनोन् महिने माझ्या डोक्यातून जात नाही. एका घराण्यातली जुनी नक्कल आहे. राज्याभिषेक शके ३, नल संवत्सर, वैशाख वद्य. ती वाचून पुढे निघाली होती, मी तिला थांबवले. राज्याभिषेक झाला शके १५९६ च्या ज्येष्ठात, आनंद संवत्सरात. म्हणजे राज्याभिषेकाचे तिसरे वर्ष सुरू होते शके १५९८ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला आणि संपते पुढच्या ज्येष्ठात. शके १५९८ म्हणजे नल, १५९९ म्हणजे पिंगल. तिसऱ्या वर्षात वैशाख एकच येतो, आणि तो पिंगल संवत्सरातला. नलातला वैशाख दुसऱ्या वर्षाचा. शक खरा धरला तर कागद १६७७ चा, संवत्सर खरे धरले तर १६७६ चा.

दोन्ही खरे नसणार. पण खोटे कोणते? कारकून राज्याभिषेक शक पाडव्यालाच पालटत असेल तर १६७६. संवत्सराचे जुने नाव सवयीने हातातून उतरले असेल तर १६७७. नक्कल करणाऱ्याने मुळातला आकडा ‘सुधारला’ असेल, तर दोन्हीकडे वाट मोकळी. एका वर्षाचा फरक कुणाला किरकोळ वाटेल. १६७७ च्या वैशाखात शिवाजी महाराज कर्नाटकाच्या स्वारीवर, दक्षिणेत होते. कागदातली आज्ञा त्यांच्या समक्ष झाली की त्यांच्यामागे कारभाऱ्यांनी केली, हे त्या एका वर्षावर ठरते.

पाठीवर शेरा आहे आणि त्यात सुहूर सन आहे. तो धड असता तर प्रश्नच मिटला असता: सीत सबैन असेल तर १६७६, सबा सबैन असेल तर १६७७. ‘सबैन’ स्वच्छ आहे. त्याच्या आधीच्या शब्दाचा नुसता ‘स’ राहिला आहे, पुढे कसरीने भोक पाडले आहे. दोन्ही शब्द ‘स’नेच सुरू होतात. वेलांटी असती तर सीत, नसती तर सबा. आणि भोक नेमके वेलांटीच्या जागी. तिने भिंग लावून पाहिले, फोनवर फोटो काढून मोठा करून पाहिला, कागद उजेडाकडे धरून पाहिला. भोकाच्या कडेला शाईचा एक ठिपका आहे. तो वेलांटीचा शेवट असू शकतो, किंवा पुढच्या ‘ब’ची सुरुवात. मला ती सारखे विचारते आणि मी सारखा म्हणतो, पुन्हा बघ.

मालाडहून कान्हेरीची लेणी जवळ. पाय चालत होते तोवर जात असे. तिथल्या एका लेखात यज्ञश्री सातकर्णीचे सोळावे वर्ष आहे. सोळावे म्हणजे कधीचे, ते लेखाला सांगायचे कारण नव्हते. राज्य कुणाचे ते सगळ्यांना ठाऊक होते. राजा गेला, पाठोपाठ घराणे गेले, आणि ते सोळा अधांतरी राहिले. तिथेच शिलाहार कपर्दीच्या काळातल्या लेखात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या नावाबरोबर शके ७७५ कोरले आहे, म्हणून तो लेख जमिनीवर उभा आहे. शिवाजी महाराजांच्या गणनेचे मोठेपण मला इथे दिसते. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६८१ त झाला, शाहू महाराजांचा १७०८ त साताऱ्याला झाला. पण कुणी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली नाही. राजे बदलले, मोजणी तीच राहिली. एवढा संयम दिल्लीच्या तख्ताला जमला नाही.

तिथे १७१९ त एका वर्षात चार बादशहा झाले. फेब्रुवारीत फर्रुखसियरला खाली ओढला, मग रफीउद्दरजात, मग रफीउद्दौला, आणि सप्टेंबरात महंमदशहा. महंमदशहाने मधल्या दोघांना मोजणीतून पुसले आणि स्वतःचा जुलूस, म्हणजे राज्यारोहण, फर्रुखसियरच्या पदच्युतीपासून धरला. बाळाजी विश्वनाथ चौथाई आणि सरदेशमुखी पदरात पाडून साताऱ्याला परतले, तेव्हा महंमदशहा तख्तावर बसलेलाही नव्हता; आणि साताऱ्याच्या दफ्तरातल्या सनदा त्याच्या नावच्या, जुलूस पहिल्या वर्षाच्या. ग्रँट डफला हे कोडे पडले होते, आणि तळटीपेत त्याने त्याचा उलगडा दिला आहे. ती तळटीप न वाचता या सनदांना बनावट म्हणणारे मला भेटले आहेत. जुलूसाचे वर्ष म्हणजे बादशहाने स्वतःच्या राज्याबद्दल केलेला दावा असतो. तो कुठल्या महिन्यात आणि कशासाठी केला, हे आधी पाहावे लागते.

आता तारीख ‘काढणारे’ गल्लोगल्ली झाले आहेत. फोनमध्ये तिथी घातली की इंग्रजी तारीख येते. ६ जून १६७४ ही जुन्या, ज्युलियन गणनेची तारीख आहे, नव्या गणनेने ती १६ जून येते, हे सांगितले तर लोकांना आपण काहीतरी हिरावून घेतो आहोत असे वाटते. २ जून २०२३ ला राज्याभिषेक शके ३५० सुरू झाले, तेव्हा साडेतीनशे वर्षे झाली की व्हायची आहेत, यावर माणसे हमरीतुमरीवर आली. राज्याभिषेक शक चालू वर्षाचा. पहिल्या दिवसापासूनच एक. तीनशे एकोणपन्नास भरली, पन्नासावे लागले. एवढी साधी गोष्ट. पण मला खरा राग येतो तो कागदांचे संग्रह छापणाऱ्यांतल्या काहींचा. मूळ कालोल्लेख गाळून ते नुसती इंग्रजी तारीख छापतात. राजवाड्यांनी, खऱ्यांनी, ‘साधन-चिकित्सा’ लिहिणाऱ्या बेंद्र्यांनी जन्म घातला तो याच उल्लेखांच्या ओळींसाठी. ती ओळ गेली की पुढच्या माणसाला तपासायला काहीच उरत नाही. शक, संवत्सर, वार, तिथी, चंद्र, जसे असेल तसे, विसंगतीसकट छापा. विसंगती हाच तर पुरावा.

त्या नक्कलीच्या मालकांना एकच तारीख हवी होती. मी दोन लिहून दिल्या, कारणांसह. ते नाराज झाले. पूर्वीचा मी बहुधा एक सांगून मोकळा झालो असतो आणि ती बरोबरही निघाली असती. पण ‘कशावरून’ला उत्तर देता आले नसते.

तिने आता एक काम काढले आहे. त्याच वळणाचे, त्याच हाताचे कागद शोधायचे, आणि त्यातले फक्त उन्हाळ्याचे वेगळे काढायचे. तो कारकून पाडव्याला पालटतो की त्रयोदशीला, हे दोन-चार निःशंक कागदांवरून कळले तरी पुरे. अडचण अशी की मूळ कागद आम्हाला मिळालेला नाही, नक्कलीचा हात वेगळा आहे, आणि कारकुनाची ओळख मजकुराच्या ढंगावरूनच पटवावी लागेल. कुणाच्या माळ्यावर शके १५९६ ते १६०२ मधले रुमाल असतील तर सगळे उघडू नका, कागद फाटतील. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठाचा पहिला पंधरवडा, एवढेच कागद आम्हाला दाखवा. रविवारी सकाळी आम्ही दोघेही असतो.