स्वयंपाकघराची भिंत

जुन्या घरांत स्वयंपाकघर सर्वांत मागे आणि सर्वांत अंधारे असे. चुलीचा धूर पुढच्या खोल्यांत येऊ नये, हा त्यामागील हेतू. आमचे सांगलीचे घर वडिलांनी १९६८ साली याच पद्धतीने बांधले. पुढे चूल गेली, गॅस आला. भिंत मात्र राहिली. त्या भिंतीआड आईची चाळीस वर्षे गेली आणि सौभाग्यवतींची तीस. बैठकीतील हसणे त्यांच्या कानी येई, बोलणे कळत नसे.

सूनबाईंनी भिंत काढण्याचा विषय मांडला, तेव्हा हरकत आली ती ८८ वर्षांच्या आईचीच. "पाणी गाळायचे, महाराजांचा आहार करायचा, तो चौका काय बैठकीत मांडायचा?" तिचा प्रश्न रास्त होता. यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "आई, चौक्याची शुद्धता राहू दे, पण मला माणसांत राहून चपात्या लाटू द्या." इतक्या वर्षांत त्यांनी हे प्रथमच बोलून दाखवले होते.

भिंत १४ इंची, विटांची आणि छताचा भार पेलणारी. अशी भिंत केवळ गवंड्याच्या भरवशावर पाडू नये. अभियंत्याने आधी छताला टेकू दिले, लोखंडी तुळया बसविल्या आणि मगच विटा काढल्या. खर्चाचा मोठा वाटा त्यातच गेला. परंतु ती रक्कम वाचविण्याजोगी नव्हे. खाली ३ फूट भिंत राखून तिच्यावर ग्रॅनाइट घातले. पूर्वेच्या खिडकीपाशी पाण्याचा व आहाराचा चौका स्वतंत्र ठेवून त्यास सरकते दार केले. चिमणी धूर नळीने घराबाहेर टाकणारी घेतली. हवा गाळून पुन्हा घरातच सोडणाऱ्या चिमणीने फोडणीचा ठसका बैठकीत पसरतो. गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगतचा झरोकाही उघडा ठेवला.

सूर्यास्तापूर्वी जेवणारे आपण. पण आमच्याकडे धान्य निवडणे भर दुपारीही दिव्याखाली चाले. आता तेथे ऊन येते. आई चौक्याच्या दाराशी बसून सर्वांवर देखरेख ठेवते. भिंतीपलीकडून "पाणी आणा" अशी आज्ञा सोडणे सोपे होते. समोर राबणारी व्यक्ती दिसू लागल्यावर आम्ही पुरुष आपले पाणी आपण घेऊ लागलो.

घराचे नूतनीकरण योजणाऱ्या वाचकांस एकच विनंती : नकाशा काढण्यापूर्वी, त्या खोलीत ज्यांचे आयुष्य जाते त्यांना प्रथम विचारावे.